दोनशे बारा मीटर

सुनावणी दुपारी चार वाजता होती. भांडण साडेअकरालाच सुरू झालं.

सुनावणीला येणाऱ्या रस्तेविभागाच्या साहेबांना नकाशा पसरायला जागा हवी म्हणून वळणावरच्या हॉटेलात तीन टेबलं जोडून ठेवली होती. तूर्त त्यांच्या एका टोकाला ड्रायव्हर बसला होता, दुसऱ्या टोकाला टायरवाला. दोघे सख्खे भाऊ. मधल्या खुर्चीत त्यांची थोरली बहीण. ते तिला ताई म्हणत, बाकी सगळा रस्ता आत्या म्हणे. भावांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं आणि त्याचं कारण घरात लहानथोरांना पाठ होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरची स्कूटर इथून नऊ किलोमीटरवर पंक्चर झाली आणि त्याने ते पंक्चर तिथल्याच दुकानात काढून घेतलं. हॉटेलाच्या भिंतीला भिंत लावून सख्ख्या भावाचं टायरचं दुकान असताना.

"नऊ किलोमीटर ढकलत आणली असती तर मेला नसता," असं टायरवाला तेव्हा म्हणाला होता. त्यानंतर त्याला भावाला जे काही म्हणायचं असे, ते तो बहिणीला म्हणे.

"ताई, त्याला सांग, सही कर म्हणावं."

"ताई, त्याला सांग, वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

"ताई, त्याला सांग, आयुष्यभर बसच्या पाट्या वाचल्यास, हे एक पान वाचायला सकाळपासून काय झालंय?"

"दोघांनाही नीट ऐकू येतंय," आत्या म्हणाली. "तरी सांगते. ह्याने असं विचारलंय आणि त्याने तसं सांगितलंय. अजून काही?"

समोरचा कागद म्हणजे हरकतीचा अर्ज. तो टायरवाल्याने स्वतः लिहिला होता, तीनदा खाडाखोड करून.

ज्या रस्त्यावरून हे सगळं चाललं होतं तो राज्य महामार्ग रेल्वेच्या गावातून निघतो आणि बंदरावर संपतो. लांबी एकशे अठरा किलोमीटर. पासष्ट वर्षांत त्याचा नंबर तीनदा बदलला आणि रुंदी दोनदा. वाटेत लाकडाच्या वखारी, मग वीटभट्ट्या, दोन पूल, एक लांब चढ, आणि तिथून पुढे बंदरापर्यंत उघडं माळरान. माळावर रस्ता फूटपट्टी लावून आखल्यासारखा सरळ जातो. फक्त अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला तो अचानक काटकोनात डावीकडे वळतो, दोनशे बारा मीटर चालतो, पुन्हा काटकोनात उजवीकडे वळतो आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पुढे निघतो. तिथे ना टेकडी आहे, ना ओढा, ना कुणाची जुनी विहीर. घर, हॉटेल, टायरचं दुकान हे सगळं नंतर आलं, आणि वळण होतं म्हणून आलं. ट्रक तिथे हळू होतो. हळू झालेल्या ट्रकवाल्याला चहा आठवतो आणि तापलेल्या टायरला फुटणं आठवतं. या घराच्या तीन पिढ्या त्या दोन काटकोनांवर जगल्या.

आता रस्तेविभागाला ते काटकोन नको होते. सत्तावन्नपासून एकोणसाठपर्यंत एक तिरकी रेघ मारायची आणि वळण टाकून द्यायचं, असं ठरत होतं. रेघ हॉटेलच्या मागच्या जमिनीतून जात होती. जमीन तिघा भावंडांच्या नावावर, त्यामुळे हरकत ग्राह्य धरायची तर तिघांच्या सह्या हव्यात, असं नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं.

ड्रायव्हरने अखेर अर्ज मोठ्याने वाचला. "'आमचे वडील या रस्त्याच्या बांधकामावर मुकादम होते. मधली जमीन मऊ व पाणथळ असल्याने त्यांनी रस्ता वळवला. तिथे नवा रस्ता केल्यास तो खचेल.' आबा सांगायचे तेच आहे हे."

"मग आता अडलंय कुठे?" टायरवाल्याने छताला विचारलं.

"ताई, त्याला सांग, अडलंय इथे की मी एकतीस वर्षं या वळणावरून बस नेली. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला दोन काटकोन. सत्तर हजारांच्या वर झाले. दर वेळी गिअर खाली, दर वेळी मागच्या सीटवरची कुणीतरी बाई माझा उद्धार करणार. हे वळण उद्या जात असेल तर मी त्याला हार घालून निरोप देईन."

"बहिणीचं हॉटेल जाईल त्याचं काय?" हे टायरवाला थेट भिंतीकडे बघून म्हणाला.

आत्याने टेबलावरचे रिकामे कप एकात एक घातले.

टायरवाल्याने तेवढ्यात नोटिशीसोबत आलेला नकाशा उलगडला. त्याला साहेबांना दाखवायला जमिनीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने फुली मारायची होती. फुली राहिली बाजूला, त्याची नजर उजव्या हाताच्या खालच्या चौकटीवर गेली. तिथे 'आखणी' असं छापलं होतं आणि पुढे एक सही होती. त्याने चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाजवळ नेला, पुन्हा चष्मा खाली घेतला.

"सूनबाई," त्याने आतल्या बाजूला हाक मारली, "जरा बाहेर या."

*

आत पाव कापत असलेल्या सुनेने सुरी खाली ठेवली. चुलतसासरे तिला एरवी 'अगं' म्हणत. 'सूनबाई' आणि 'या' एका वाक्यात आले, म्हणजे त्यांनी नकाशा पूर्ण वाचला होता.

ती ड्रायव्हरची सून. नवरा आठवड्यातले सहा दिवस ट्रकवर असे आणि ती रस्तेविभागात मोजणीच्या कामावर. घरात समज असा होता की ती तिथे ड्रॉइंग काढते. तिनेही तो समज कधी मोडला नव्हता.

"ही सही कुणाची?"

"माझी आहे, काका."

"म्हणजे नकाशाची प्रत तू काढलीस."

"नाही. रेघ मी आखली."

हॉटेलात गिऱ्हाईक फक्त एक होतं, अंडं सोलत बसलेला एक ट्रकवाला. त्याने सोलणं थांबवलं.

"आठ महिने," टायरवाला म्हणाला, "दर रविवारी ही इथे येऊन चहा पिते. 'काका, गुडघा कसा आहे' म्हणून विचारते. आणि मागच्या दाराने घरावरून रेघ मारते. घरभेद्याला शिंगं नसतात म्हणतात, ते खोटं नाही."

"हे माझं सासर आहे असं मी कामाच्या आधीच लेखी कळवलं होतं. साहेब म्हणाले, विभागात मोजणीला माणसं दोन, दुसऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये."

"साहेबाला लेखी कळवलंस. आणि आम्हाला?"

"मंजुरीआधी सांगायची परवानगी नसते." ती मोजणीतली माणूस होती, अर्धवट आकडा सोडणं तिला जमत नसे. "आणि धीरही झाला नाही."

"ताई, त्याला सांग, माझ्या सुनेशी नीट बोल म्हणावं," ड्रायव्हर म्हणाला. "तिने तिचं काम केलं. रेघ चांगली आहे. मी बस चालवली असती त्या रेघेवरून."

"ताई, त्याला सांग, रेघेवर बस चालत नसते."

"गप्प बसा रे दोघं," आत्या म्हणाली. तिने सुनेला समोरची खुर्ची दाखवली. "बस. मला एवढंच सांग. तुझ्या रेघेवरून गाड्या किती वेगाने जातील?"

"ऐंशी."

"माझ्या दारावरून जाताना हळू होतील?"

"दारावरून जाणारच नाहीत, आत्या. मागून जातील. दोन मीटर उंच भराव आहे, वर कठडा."

"मी मागच्या दारात उभं राहून हात केला तर दिसेल?"

सुनेने खरोखर हिशेब केला. तिला खोटा दिलासा देता आला असता, पण भरावाची उंची तिनेच काढली होती.

"नाही दिसणार."

"बरं," आत्या म्हणाली आणि उठून आत गेली. पुढचा पाव तिने स्वतः कापला.

*

ड्रायव्हर मागच्या नळावर हात धुवायला गेला तेव्हा बहीण तिथे भांडी विसळत होती. मागे शेत होतं आणि त्यात लाल रंगाचे लाकडी खुंट ओळीने गेले होते. महिन्यापूर्वी ते ठोकले गेले तेव्हा तारेच्या कुंपणाचे असतील असं सर्वांनी धरलं होतं.

"ताई, तू रागावू नकोस," ड्रायव्हर म्हणाला. "तू चौऱ्याहत्तरची झालीस. किती दिवस ही भांडी करणार? माझ्याकडे ये राहायला."

"येऊन काय करू?"

"आराम कर."

"कसा करतात?"

ड्रायव्हर स्वतः निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेपाचला उठून, दाढी करून, कुठेच न जाता बसून राही.

"तुझी नोकरी लागली तेव्हा," आत्या म्हणाली, "पहिल्या दिवशी तू बस इथे थांबवलीस. कंडक्टर म्हणाला, इथे थांबा नाही. तू म्हणालास, आता आहे. त्यानंतर एकतीस वर्षं एकही खेप चुकली नाही. तुला वळणाचा एवढा राग होता, तर थांबायचास कशाला?"

"वळणासाठी थोडाच थांबायचो."

"मग आज कशासाठी अडून बसलायस?"

ड्रायव्हरने हात पुसले. खुंटांकडे एकदा पाहिलं. मग आत जाऊन त्याने अर्ज ओढून घेतला आणि सही केली, तारखेसकट, लॉगबुकात करायचा तशी गचकन.

सून शेजारीच उभी होती. "बाबा, तुम्ही?"

"ती माझी बहीण आहे, पोरी, तू सून आहेस. बहीण आधी आली."

"आत्ता तर म्हणालात रेघ चांगली आहे."

"चांगलीच आहे. मी कुठे नाही म्हणतोय?"

टायरवाल्याने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. अर्ध्या तासापूर्वी दोन विरुद्ध दोन होतं, आता तीन विरुद्ध एक झालं होतं. त्याने जिंकलेल्या माणसाच्या उदारपणाने सुनेपुढे अंड्यांची बशी सरकवली. "खा. तुझ्यावर राग नाही. तुझं रस्त्याचं खातंच तसं."

सुनेने अंडं घेतलं नाही. अर्जात काय लिहिलंय ते तिने नीट ऐकलं होतं. रेघेवर तिने स्वतः उभं राहून अकरा चाचणी खड्डे खणून घेतले होते. अकराही ठिकाणी अर्ध्या मीटरखाली कुदळ टणकन वाजली होती. आबासाहेबांची पाणथळ जमीन तिला कुठेच भेटली नव्हती. पण ते आत्ता बोलायचं नाही, साहेबांसमोर बोलायचं, असं तिने ठरवलं. एवढ्या जुन्या घरगुती गोष्टीला सुनावणीत कोण विचारतो.

*

साहेब दहा मिनिटं आधीच आले. सडसडीत, चष्मेवाले, आवाज कधीही न चढवणारे. आल्या आल्या त्यांनी टेबलावरचे सगळे कप उचलायला लावले. नकाशावर कपाचं वर्तुळ उमटलं की पुढच्या पिढीला तिथे तलाव वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी अर्ज वाचला. तीन सह्या मोजल्या.

"हरकतीत म्हटलंय जमीन मऊ. मोजणीच्या अहवालात म्हटलंय कठीण. एरवी मी हरकत बाजूला ठेवली असती. ऐकीव गोष्टींवर रस्ते बांधत नाहीत."

सुनेचे खांदे सैल झाले.

"पण काल मी रस्त्याची जुनी नोंदवही काढून आणली." त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली वही काढली. "पासष्ट वर्षांपूर्वीची नोंद आहे. 'मध्यभागी मऊ व पाणथळ जमीन आढळल्याने रस्ता वळवून जोडला.' खाली दोन्ही टोळ्यांच्या मुकादमांच्या सह्या."

टायरवाला अर्धा उठून वाकला. "आबांचं अक्षर. शेजारी मामाची सही, तो दुसऱ्या टोळीचा मुकादम. ताई, त्याला दाखव."

ड्रायव्हरने दाखवण्याची वाट न पाहता मान पुढे केली होती. वडिलांचं अक्षर त्याने फार वर्षांनी पाहिलं.

"तुमचे खड्डे किती?" साहेबांनी सुनेला विचारलं.

"अकरा. दर दोनशे मीटरला एक."

"दोन खड्ड्यांच्या मधे पाणथळ पट्टा असू शकतो?"

"असं म्हटलं तर कुठेही असू शकतो, साहेब. मला दिसला नाही."

"मुकादमांना दिसला होता. त्यांनी जमीन उघडी केली होती. तुम्ही टोचून पाहिलीत." हे ते शांतपणे म्हणाले, हवामान सांगावं तसं. "मला फेरतपासणी लावावी लागेल. तिला सहा महिने जातील. या कामाचा निधी मार्चअखेर परत जातो. म्हणजे व्यवहारात वळण राहणार."

टायरवाल्याने मांडीवर हलकीशी थाप मारली.

"आणि अहवालाचं?" सुनेने विचारलं.

"त्यावर 'अविश्वसनीय' असा शेरा पडेल. माझ्या हातात नाही, पद्धत आहे."

"शेरा पडलेल्या माणसाला पुन्हा आखणी मिळते?"

"नाही. कचेरीतलं काम मिळतं. नकाशांच्या प्रती काढणं वगैरे."

टायरवाल्याचा मांडीवरचा हात खाली आला.

"माझे खड्डे बरोबर आहेत," सून म्हणाली. आवाज स्थिर होता, कान मात्र लाल झाले होते. तिने अहवालाची फाईल बंद केली आणि कडा टेबलाच्या कडेला जुळवून ठेवली.

आत्या ते बघत होती. तिला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. गप्प बसण्याचा तिला पासष्ट वर्षांचा सराव होता. हॉटेल राहणार होतं, वळण राहणार होतं, आबांचं नाव वहीत शाबूत राहणार होतं. फक्त ही पोरगी उद्यापासून दुसऱ्यांच्या रेघा गिरवत बसणार होती, आणि तीही खोट्या पडलेल्या माणसासारखी, खरी असून.

"साहेब, ते खोटं आहे," आत्या म्हणाली.

"अहवाल?"

"वही."

टायरवाल्याने बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिने चालत्या ट्रकचं चाक काढून घेतलं. "ताई, काहीही काय बोलतेस? तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस."

"नऊ वर्षांचीच होते. म्हणून तर मला पाठवायचे."

"कुठे पाठवायचे?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"रस्ता दोन्हीकडून चालला होता. रेल्वेकडून आमच्या वडिलांची टोळी, बंदराकडून मामाची. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. दोघांचं बोलणं बंद होतं."

"का?"

"मामाने आबांची पाणसळ नेली होती, सपाटी बघायची काचेची. ती तडकून परत आली. मामा म्हणायचा, तडा आधीच होता. तेवढ्यावरून चार वर्षं."

ड्रायव्हर आणि टायरवाला दोघेही टेबलाकडे बघू लागले.

"टोळ्या जवळ आल्या तसे निरोप सुरू झाले. ते माझ्या हातून. ह्याची चिठ्ठी त्याला, त्याची ह्याला. रोज दोन-तीन मैल पायपीट. मग एकदा वादळ झालं, माळावर मोजणीवाल्यांनी लावलेली निशाणं उडाली. आता कशावर नेम धरून यायचं, ते दोघांनी बसून ठरवायला हवं होतं. बसणार कोण? मामाने चिठ्ठी दिली. मी अमुक दगडावर नेम धरतोय, तुम्हीही धरा. मी निघाले. वाटेत खाणीपाशी रोलर आला होता."

"कसला रोलर?"

"वाफेवर चालायचा तो. आम्ही कुणी पाहिलाच नव्हता. त्याच्या ड्रायव्हरने मला विचारलं, बसतेस का. मी दुपारभर बसले. चिठ्ठी संध्याकाळी आठवली. एवढ्या उशिरा नेली तर आबा विचारणार, दिवसभर कुठे होतीस. म्हणून मी ती रोलरच्या भट्टीत टाकली."

अंडंवाला ट्रकवाला गेला होता. नाहीतर त्याने इथे नक्की काहीतरी विचारलं असतं.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"पुढे काय. मामाला वाटलं आबांना कळलं. आबांना वाटलं मामाने कळवलंच नाही, तर आपण आपल्या नेमाने जावं. सतरा दिवसांनी दोन रस्ते माळावर समोरासमोर आले आणि एकमेकांच्या बाजूने पुढे जायला लागले. मधे दोनशे बारा मीटर. दोन्ही टोळ्यांना एकमेकांची माणसं दिसत होती. एक हाक मारली असती तर भागलं असतं."

"कुणी मारली नाही?"

"मुकादमांच्या आधी मजूर कसे मारतील? दीड दिवस तसेच चालले. मग वरचा इंजिनिअर येणार अशी बातमी आली. तेव्हा आबांनी वहीत पाणथळ जमीन लिहिली. मामाने वाचली आणि खाली सही केली. बोलले तेव्हाही नाहीत. मधला तुकडा दोन्ही टोळ्यांनी मिळून जोडला."

"तुला माहीत होतं हे?" टायरवाल्याने विचारलं.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मला आबांनी पाणथळच सांगितलं."

"मलाही."

ताईमार्फत न गेलेली ती तीन वर्षांतली पहिली वाक्यं होती. सुनेच्या ते ध्यानात आलं. भावांच्या आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष बहिणीकडे होतं.

साहेबांनी लिहिता लिहिता हात थांबवला. "मग नोंदीत वळणाचं कारण काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

"रकान्यात कारण लागतं. माणूस चालत नाही."

"मग लिहा, निरोप पोचला नाही."

त्यांनी ते लिहिलं. मग म्हणाले, "हे निवेदन म्हणून घेतो. पण हरकतीवर तुमचीही सही आहे. ती?"

"ती मी मागे घेते. तिघांच्या लागतात ना?"

"लागतात."

"मग आता हरकत उरली नाही. तुमचा शेराही नको पडायला."

साहेबांनी वही मिटली. "नाही पडणार," ते म्हणाले. मग नकाशाची गुंडाळी करताना त्यांनी विचारलं, "दुसरं कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला?"

"नाही. सगळे वळून जायचे."

*

साहेबांची जीप गेल्यावर टायरवाल्याने खुर्ची मागे सारली. "पासष्ट वर्षं तोंडात गुळणी धरलीस. अजून एक दिवस धरली असतीस तर काय बिघडलं असतं? माझं दुकान आहे शेजारी. मला एका शब्दाने विचारलंस?"

"नाही विचारलं," आत्या म्हणाली. "तुझं खरंय. तुझा राग मी घेते."

रागाला समोरून अशी जागा मिळाल्यावर टायरवाल्याला तो कुठे ठेवावा हेच कळेना. तो दारापर्यंत गेला, दुकानाकडे पाहिलं, परत येऊन बसला. "चहा तरी टाक," तो म्हणाला.

सून मघापासून उभीच होती. "आत्या, तुम्ही गप्प बसला असतात तरी मी तुमच्यावर रुसले नसते."

"माहीत आहे. म्हणून तर गप्प बसवेना. रुसणारी असतीस तर बसले असते. काम कधी सुरू होणार?"

"फेब्रुवारीत. चौदा महिने चालेल."

"माणसं किती?"

"दीडशेच्या आसपास."

आत्याने चहाचं आधण चढवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. दीडशे माणसं, दिवसाला तीन चहा, दुपारचा पाव वेगळा. "छावणी कुठे पडणार त्यांची?"

"ते मला सांगता येणार नाही. कंत्राट निघेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं."

"घरातल्या माणसालासुद्धा?"

"घरातल्या माणसाला तर नाहीच."

आत्या एकदम खूश झाली. "असंच राहा," ती म्हणाली आणि भावाकडे वळली. "तू सांग रे. तुला कुठला नियम आहे?"

"पाणी जवळ बघतात," ड्रायव्हर म्हणाला. "पुलाच्या अलीकडे टाकतील."

"पुलापाशी चिखल किती असतो," टायरवाला म्हणाला. "ट्रक रुततील. खाणीपाशी टाकतील, बघ. सपाट जागा आहे."

"खाणीपाशी पाणी कुठाय?"

"टँकर आणतील. तुला काय माहीत, तू नुसता वरून गेलास आयुष्यभर."

"आणि तू खालून बघितलंस, टायरखालून."

"चला, दाखवा मला दोघं," आत्या म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि मागचं दार उघडलं. चौदा महिन्यांनंतरचं तिने काही विचारलं नाही, आणि सुनेनेही सांगितलं नाही. तिघे खुंटांच्या ओळीने निघाले. मध्ये बहीण, दोन्ही बाजूंनी भाऊ, आणि तिच्या डोक्यावरून त्यांचा वाद.

चहाला उकळी आली तेव्हा बंदराकडची बस वळणावर हळू झाली आणि दारात थांबली. चाळीस माणसं उतरली. सुनेने बाही सारली, कप मांडले, साखरेचा अंदाज चुकवला, पुन्हा घातली. बसचा ड्रायव्हर तरुण होता. गल्ल्यापाशी येऊन त्याने आत डोकावलं.

"आत्या कुठायत?"

"मागे गेल्यात. रस्ता बघायला."

त्याने मागच्या उघड्या दारातून पाहिलं. "मागे तर शेत आहे."

"आहे," सून म्हणाली आणि त्याचा कप भरला.